घरच्या बागेत गोड चेरी: निवड, लागवड आणि निगा

गोड चेरीचे झाड लावायचे ठरले की लक्ष आधी जाते ते खड्डा, खत आणि रोपाची उंची यांकडे. या झाडाचे बरेचसे यशापयश मात्र रोप जमिनीत उतरण्यापूर्वीच ठरलेले असते. हिवाळ्यात पुरेशी थंडी पडते का, जमिनीत पाणी साचून राहते का, कलम कोणत्या खुंटावर (म्हणजे मुळे पुरवणाऱ्या खालच्या झाडावर) बांधलेले आहे आणि फुलांना पराग पुरवणारे दुसरे झाड जवळ आहे का, हे चार प्रश्न आधी सोडवावे लागतात. त्यांपैकी एकाचेही उत्तर प्रतिकूल असेल, तर पुढे कितीही मेहनत घेतली तरी ती उणीव भरून निघत नाही. त्यामुळे या लेखात लागवडीच्या कृतीपेक्षा तिच्या आधीच्या निर्णयांना अधिक जागा दिली आहे.

थंडीचा हिशेब

गोड चेरी, म्हणजे शास्त्रीय भाषेत प्रुनस एव्हियम, ही गुलाबाच्या कुळातली असून बदाम, पीच, जर्दाळू आणि प्लम ही तिची जवळची भावंडे आहेत. हे पानगळीचे झाड आहे. शरदात पाने झडली की ते सुप्तावस्थेत जाते आणि ठरावीक काळ थंडी अनुभवल्याखेरीज त्या अवस्थेतून नीट बाहेर येत नाही. ही गरज मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे तापमान साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलेल्या तासांची बेरीज. बहुतेक जुन्या आणि नामवंत वाणांना असे ७०० ते १,२०० तास लागतात. मध्येच काही दिवस ऊन तापले आणि पारा १६ ते १८ अंशांच्या वर गेला, तर आधी साठलेल्या थंडीचा काही भाग वाया जातो. त्यामुळे केवळ रात्री गार असणे पुरेसे नसते. हिवाळा सलग थंड असावा लागतो.

थंडी अपुरी पडली तर झाड मरत नाही, आणि म्हणूनच फसगत होते. झाड वाढते, हिरवेगार दिसते. पण वसंतात कळ्या एकसाथ उमलत नाहीत, फुलोरा कित्येक आठवडे रेंगाळतो, पाने उशिरा फुटतात आणि फळधारणा नगण्य होते. आपल्या परिसरातील हिवाळ्याच्या तापमानाच्या नोंदी पाहून हा हिशेब आधीच करावा. 'मिनी रॉयल' आणि 'रॉयल ली' हे कमी थंडीसाठी निवडलेले वाण ५०० तासांहून कमी थंडीतही फळतात, मात्र ते एकमेकांच्या परागावर अवलंबून असल्याने दोन्ही लावावे लागतात. ज्या ठिकाणी हिवाळ्यात पारा ७ अंशांच्या खाली क्वचितच जातो, तेथे गोड चेरी लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सावली, बर्फाचे पाणी किंवा पाने ओरबाडून काढणे अशा उपायांनी ही थंडी भरून काढता येत नाही.

उन्हाळ्याचाही एक हिशेब आहे, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यात, फळे उतरल्यानंतरच्या आठवड्यांत, झाडावर घडत असतात. त्या काळात तापमान वारंवार ३० अंशांच्या बरेच वर गेले, तर कळीतील स्त्रीकेसर दुहेरी घडतो आणि पुढच्या हंगामात जोडफळे किंवा खोल चीर असलेली फळे येतात. असे फळ खाण्यास चांगले असते. पण ते लवकर फुटते आणि टिकत नाही. उन्हाळा कडक असेल तर झाडाला दुपारनंतर थोडी सावली मिळेल अशी जागा पाहावी, आणि फळे संपल्यावरही पाणी चालू ठेवावे.

जागा आणि जमीन

झाडाला दिवसातून किमान ६ ते ८ तास थेट ऊन मिळाले पाहिजे. त्याहून महत्त्वाचा आहे निचरा. पाणथळ जमीन चेरीच्या मुळांना जितकी झपाट्याने मारते, तितकी ती फार थोड्या फळझाडांना मारते. मुळांभोवती पाणी साचले की त्यांना प्राणवायू मिळेनासा होतो आणि फायटोप्थोरा या बुरशीसदृश रोगकारकाला मोकळे रान मिळते. वरवर पाहता झाड पाण्याअभावी सुकल्यासारखे दिसते, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड उरलेसुरले बळही गमावते.

निचरा पाहण्याची परीक्षा सोपी आहे. जेथे झाड लावायचे तेथे ४५ सेंटिमीटर खोल खड्डा खणावा, तो पाण्याने भरावा आणि ते पूर्ण जिरू द्यावे. नंतर पुन्हा भरून पातळी तासाला किती उतरते ते मोजावे. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर जागा चालेल. पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच दिसले, तर एक तर जागा बदलावी किंवा ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा रुंद गादीवाफा करून त्यावर झाड लावावे. चिकण मातीच्या खड्ड्यात वाळू किंवा सैल खतमाती भरून निचरा सुधारत नाही. उलट आजूबाजूचे पाणी त्या सैल खड्ड्यात गोळा होते आणि मुळे पाण्यात उभी राहतात.

मातीचा सामू (आम्लता मोजणारा पीएच अंक) ६ ते ७ या दरम्यान असावा. उताराच्या तळाशी किंवा भिंतींनी वेढलेल्या खोलगट भागात रात्रीची थंड हवा साचते आणि फुले हिमदवाने करपतात, म्हणून उताराचा मधला भाग अधिक सुरक्षित. जेथे नुकतेच चेरी, पीच किंवा प्लमचे झाड काढले आहे तेथे लगेच चेरी लावू नये, कारण त्या मातीत उरलेले सूत्रकृमी आणि बुरशी नव्या मुळांना वाढू देत नाहीत. टोमॅटो, बटाटा, वांगी आणि मिरची ही पिके जेथे वर्षानुवर्षे घेतली आहेत ती जागाही टाळावी. व्हर्टिसिलियम नावाची मर रोगाची बुरशी या पिकांवर पोसली जाते, जमिनीत दीर्घकाळ तग धरते आणि चेरीलाही ग्रासते.

वाण आणि परागदाता

बहुतेक गोड चेरी स्वतःच्या परागाने फळत नाहीत. एवढे अनेकांना ठाऊक असते. मात्र कोणतेही दोन वाण एकमेकांना चालतात असे नाही, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात येत नाही. फुलातील एक जनुक परागकणांची ओळख तपासते आणि ते आपल्यासारखेच असतील तर परागनलिकेची वाढ थांबवते. 'बिंग', 'लॅम्बर्ट' आणि 'रॉयल ॲन' (याचेच दुसरे नाव 'नेपोलियन') या तिघांमध्ये हे जनुक सारखेच असल्याने, ते कितीही जवळ लावले आणि एकाच दिवशी फुलले, तरी परस्परांना फळ देत नाहीत. गडद लाल 'बिंग'जवळ 'व्हॅन' किंवा 'ब्लॅक टार्टेरियन' लावला तर मात्र दोन्हींचे भागते. पिवळ्या सालीवर लाली असलेला 'रेनियर' हा वाण 'बिंग' आणि 'व्हॅन' यांच्याच संकरातून अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तयार झाला. तो अतिशय गोड असला तरी त्यालाही जोडीदार लागतो.

घरच्या बागेत एकाच झाडाची जागा असेल तर स्वफलित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारा, वाणच घ्यावा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात समरलँड येथील संशोधन केंद्रातून १९६८ मध्ये आलेला 'स्टेला' हा या प्रकारातील पहिला प्रसिद्ध वाण. परागकणांवर क्ष-किरण सोडून घडवलेल्या जनुकबदलातून ही स्वफलितता मिळाली आणि पुढे 'लॅपिन्स', 'सनबर्स्ट', 'स्वीटहार्ट' या वाणांत ती उतरली. 'लॅपिन्स' भरपूर फळतो आणि पावसात फुटण्यास बराच प्रतिकार करतो. 'स्वीटहार्ट' उशिरा पिकतो, त्यामुळे ज्यांच्याकडे हंगामाच्या सुरुवातीला पाऊस असतो त्यांना तो उपयोगी पडतो. पहिल्यांदाच लावणाऱ्याला एकच नाव सुचवायचे झाले तर मी 'लॅपिन्स' सुचवेन. स्वफलित झाडाचा पराग आसपासच्या जवळजवळ सर्व गोड चेरींना चालतो, अट एवढीच की दोघांचा फुलोरा एकाच वेळी यायला हवा.

परागदाता झाड १५ ते ३० मीटरच्या आत असावे. दुसऱ्या झाडाला जागा नसेल तर त्याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या वाणाचा डोळा भरून घेता येतो. मात्र छाटणी करताना ती फांदी चुकून कापली जाऊ नये म्हणून तिला कायमची खूण बांधून ठेवावी. आंबट चेरी ही निराळी जात आहे आणि ती गोड चेरीची भरवशाची परागदाती नव्हे.

बाजारातून आणलेल्या चेरीची बी पेरून झाड करण्याचा मोह होतो. अशी बी तीन ते पाच महिने ओलसर थंडीत ठेवल्यावर रुजते. पण येणारे झाड आईसारखे निघत नाही, त्याला फळ धरायला बहुधा ७ ते १० वर्षे लागतात आणि ते घरापेक्षा उंच होऊ शकते. बी रुजवण्याचा आनंद वेगळा आहे, पण फळे हवी असतील तर कलमच घ्यावे.

खुंटाची निवड

घरच्या बागेच्या दृष्टीने वाणापेक्षाही खुंटाला मी अधिक महत्त्व देतो, कारण झाडाची उंची, फळ लागण्याचे वय आणि जमिनीशी जुळवून घेण्याची ताकद हे सारे खुंट ठरवतो. 'मॅझर्ड' म्हणजे रानटी गोड चेरीचा बियाण्याचा खुंट. तो दणकट आणि दीर्घायुषी असतो, पण त्यावरचे झाड १० मीटरच्या वर जाते आणि फळाला पाच ते सात वर्षे लावते. शिडी लावूनही वरची फळे हाती येत नाहीत आणि ती पक्ष्यांच्या वाट्याला जातात. 'महालेब' हा खुंट हलक्या, कोरड्या, चुनखडीच्या जमिनीत उत्तम चालतो, मात्र ओल्या भारी जमिनीत तो टिकत नाही. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथे तयार झालेला 'कोल्ट' मध्यम उंचीचे झाड देतो, साधारण ५ ते ६ मीटरचे.

छोट्या बागेसाठी खरा बदल घडवला तो जर्मनीतील गीसन विद्यापीठात तयार झालेल्या 'गिसेला' मालिकेने. 'गिसेला ५' वरचे झाड छाटणीने ३ मीटरच्या आसपास सहज ठेवता येते. ते तिसऱ्या-चौथ्या वर्षीच फळू लागते आणि त्यावर जाळी टाकणेही शक्य होते. या खुंटाला मात्र चांगली माती, नियमित पाणी, आधाराची काठी आणि दरवर्षी मनापासून केलेली छाटणी लागते. दुर्लक्ष झाले तर झाड स्वतःच्या ताकदीबाहेर फळ धरते, फळे बारीक राहतात आणि वाढ खुंटते. जमीन हलकी असेल किंवा पाण्याची हमी नसेल तर त्याच मालिकेतील अधिक जोमदार 'गिसेला ६' बरा. कुंडीत लावायचे असेल तर 'गिसेला ५' वरचे कलम घ्यावे, किमान ५० ते ६० लिटर मातीची कुंडी निवडावी आणि ती हिवाळ्यात उबदार जागी नेऊ नये.

रोपावरील चिठ्ठीवर वाणाचे नाव असते, खुंटाचे नसते, असे बरेचदा घडते. खुंट विचारून घ्यावा; सांगता येत नसेल तर ते रोप घेऊ नये.

लागवड

उघड्या मुळांची कलमे झाड सुप्त असताना, म्हणजे पानगळीनंतर आणि डोळे फुगण्यापूर्वी लावावीत. जेथे जमीन गोठते तेथे हिवाळा सरताना, आणि जेथे हिवाळा सौम्य आहे तेथे शरदाच्या अखेरीस लावणे चांगले. रोप आणल्यावर मुळे दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवावीत, मोडलेली मुळे स्वच्छ कापावीत आणि जमीन वाफशावर असताना लावणी करावी. चिखलात लावलेल्या रोपाभोवतीची माती घट्ट होऊन बसते.

खड्डा मुळांच्या पसाऱ्याच्या दुप्पट रुंद, पण मुळांच्या उंचीइतकाच खोल असावा. खड्ड्यात रासायनिक खत किंवा ताजे शेणखत घालू नये; त्याने कोवळी मुळे भाजतात. काढलेली मातीच परत भरावी आणि कुजलेले कंपोस्ट वरून पसरावे. कलमाचा जोड मातीच्या पातळीपेक्षा ५ ते ८ सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. जोड मातीखाली गेला तर वरच्या वाणाला स्वतःची मुळे फुटतात आणि ठेंगणेपणासाठी ज्या खुंटाचे पैसे मोजले त्याचा उपयोगच संपतो. माती बसवून आळे करावे, १५ ते २० लिटर पाणी द्यावे आणि पाणी जिरल्यावर ७ ते १० सेंटिमीटर जाडीचे लाकडाच्या भुशाचे किंवा वाळल्या पानांचे आच्छादन करावे. ते खोडापासून वीतभर दूर ठेवावे, कारण खोडाला टेकलेल्या ओल्या आच्छादनाखाली साल कुजते आणि उंदरांना आडोसा मिळतो.

'गिसेला ५' वरच्या झाडांत अडीच ते ३ मीटर, 'कोल्ट'वरच्या झाडांत ५ मीटर आणि 'मॅझर्ड'वर ७ मीटरहून अधिक अंतर ठेवावे. पांढरा पाण्यातला रंग तितक्याच पाण्यात मिसळून खोडावर लावावा. हिवाळ्यातील दुपारच्या उन्हाने साल तापते आणि रात्री अचानक गारठल्याने तडकते. पांढऱ्या रंगामुळे हा धोका कमी होतो.

वळण आणि छाटणी

नवे रोप ६० ते ९० सेंटिमीटर उंचीवर कापावे लागते. अनेकांना ते जिवावर येते. पण चेरीचा स्वभाव सरळ वर धावण्याचा आहे. शेंड्याचा डोळा बाकीच्या डोळ्यांना दाबून ठेवतो आणि न कापलेले रोप मधे उघडेबोडके राहून वरच फांद्यांचा झुपका करते. कापल्यानंतर फुटलेल्या फांद्यांतून चारही दिशांना विखुरलेल्या, वेगवेगळ्या उंचीवरील तीन ते पाच फांद्या राखाव्यात. त्या खोडाशी अरुंद कोन करून वाढतात आणि असा जोड फळांच्या भाराने चिरतो. म्हणून फांद्या बोटभर लांबीच्या असतानाच खोड आणि फांदी यांच्यामध्ये कपड्यांचा चिमटा लावून कोन रुंद करावा. पुढे दोरी बांधून किंवा लाकडाची पट्टी अडकवून फांदी जमिनीशी साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात आणावी. आडवी होत गेलेली फांदी वाढीचा वेग कमी करते आणि फळांचे डोळे धरू लागते.

फळ कोठे धरते हे कळल्याशिवाय छाटणी करू नये. गोड चेरीची फळे मुख्यतः दोन वर्षे व त्याहून जुन्या लाकडावरील आखूड, सुरकुतलेल्या फळकाड्यांवर येतात. या फळकाडीला स्पर म्हणतात. शिवाय आदल्या वर्षीच्या फांदीच्या बुडाशी असलेल्या गुबगुबीत डोळ्यांतूनही थोडी फळे येतात. फळाचा डोळा गोल आणि फुगीर, पानाचा डोळा अरुंद आणि टोकदार असतो. एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले की हा फरक कायमचा लक्षात राहतो. फळकाडी बरीच वर्षे फळते, पण सावलीत पडली की मरते. त्यामुळे छाटणीचा मुख्य हेतू झाडाच्या आत ऊन पोहोचवणे हा असावा. आत वळणाऱ्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि उभ्या धावणाऱ्या फांद्या बुडापासून काढाव्यात आणि दरवर्षी सर्वांत जुन्या लाकडापैकी थोडे कापून नव्या फांद्यांना जागा द्यावी. खुंटातून निघणारी फूट दिसताच खुडून टाकावी.

छाटणीची वेळ हा वादाचा विषय असला तरी माझा कल उन्हाळ्याकडे आहे. फळे उतरल्यानंतर, पुढे काही दिवस कोरडे जाणार असतील तेव्हा केलेल्या जखमा लवकर भरतात. ओल्या थंड हवेत केलेल्या जखमांतून स्यूडोमोनास सिरिंजी जातीचे जिवाणू शिरून खोडाला कँकर, म्हणजे साल कुजवणारा रोग, होतो आणि रुपेरी पानांचा बुरशीजन्य रोगही याच वाटेने येतो. पहिल्या दोन-तीन वर्षांची वळण देणारी छाटणी मात्र वसंताच्या तोंडावर, कोरडा दिवस पाहून करावी लागते. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसून घ्यावी.

पाणी, खत आणि फुलोरा

पहिल्या वर्षी उन्हाळ्यात आठवड्याला १५ ते २० लिटर पाणी पुरते, पुढे झाडाच्या पसाऱ्याप्रमाणे ते वाढवावे. पाणी किती दिले यापेक्षा ते एकसारखे दिले का हे चेरीच्या बाबतीत जास्त मोलाचे आहे. जमीन भेगाळू देऊन मग भरपूर पाणी सोडणे हे फळे फोडण्याचे हमखास कारण ठरते. ठिबक आणि आच्छादन यांची जोडी असेल तर हा प्रश्न बराचसा सुटतो. फवाऱ्याने पाने भिजवू नयेत.

खताची मात्रा पुस्तकातून ठरवण्यापेक्षा झाडाच्या वाढीवरून ठरवावी. लहान झाडाची नवी फांदी वर्षाला ५० ते ९० सेंटिमीटर आणि फळत्या झाडाची २५ ते ४० सेंटिमीटर वाढत असेल, तर वसंतात कंपोस्टचा एक थर पुरेसा आहे. वाढ त्याहून कमी असेल तरच नत्र द्यावे, तेही वसंतातच. उन्हाळा सरताना दिलेल्या नत्राने कोवळी फूट येते आणि ती पहिल्या कडाक्याच्या थंडीत जळते. झाडाजवळ हिरवळ असेल तर तिला घातलेले खतही झाडाला मिळते, हे विसरू नये.

चेरी लवकर फुलते, म्हणून तिच्या फुलांना हिमदवाचा धोका सर्वाधिक असतो. पूर्ण उमललेल्या फुलांपैकी सुमारे १० टक्के उणे २.२ अंश सेल्सिअसला आणि सुमारे ९० टक्के उणे ३.९ अंशांना मरतात. दीड-दोन अंशांचा फरक हंगाम वाचवतो किंवा बुडवतो. अशा रात्री ठेंगण्या झाडावर बागकामाचे विरळ कापड जमिनीपर्यंत टाकावे, संध्याकाळपूर्वी आळे ओले करावे आणि सकाळी ऊन आले की कापड काढून मधमाश्यांना वाट मोकळी करावी. करपलेले फूल बाहेरून पांढरेशुभ्र दिसू शकते. ते उभे चिरून मधला हिरवा स्त्रीकेसर काळा पडला आहे का ते पाहावे. साधारण १२-१३ अंशांच्या खाली मधमाश्या फारशा बाहेर पडत नाहीत, त्यामुळे फुलोऱ्यात गारठा असेल तर कमी फळांची तयारी ठेवावी. फुलोऱ्याच्या काळात कोणतेही कीटकनाशक फवारू नये.

पाऊस, पक्षी, रोग आणि किडी

फळ पिकण्याच्या शेवटच्या तीन आठवड्यांत झपाट्याने फुगते. तोपर्यंत सालीवरचा मेणचट थर वाढणे थांबलेले असते, म्हणून तो ताणला जाऊन त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. पावसाचे पाणी या भेगांतून गोड गरात शिरते आणि फळ देठाच्या खळग्यात किंवा टोकाला फुटते, कारण थेंब तेथेच सर्वाधिक काळ रेंगाळतो. पाऊस थांबताच फांद्या हलवून पाणी झाडणे हा साधा आणि खरोखर उपयोगी पडणारा उपाय आहे. ठेंगण्या झाडावर फळे रंगू लागल्यापासून पारदर्शक छत धरता आले तर उत्तम. बाजू मात्र उघड्या ठेवाव्यात. फुटलेली फळे लगेच काढावीत, कारण तपकिरी कूज ही बुरशी तेथूनच घोसातल्या चांगल्या फळांना लागते. झाडावर सुकून चिकटलेली जुनी फळे हे या बुरशीचे पुढच्या वर्षीचे बियाणे असते, म्हणून हिवाळ्यात ती एकेक करून काढून नष्ट करावीत.

पक्ष्यांपासून बचावाचा भरवशाचा उपाय एकच, जाळी. फळे रंगण्यापूर्वी ती चौकटीवर ताणून बसवावी आणि खालून बंद करावी, म्हणजे पक्षी तिच्यात अडकून मरणार नाहीत. जाळीची छिद्रे १ मिलिमीटरपेक्षा लहान असतील तर ठिपकेदार पंखांची फळमाशी, म्हणजे ड्रोसोफिला सुझुकी, हिलाही अटकाव होतो. पूर्व आशियातील ही माशी २००८ मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आढळली. मादीचे अंडी घालण्याचे अंग करवतीसारखे दातेरी असल्याने ती निरोगी, पिकत्या फळाची साल कापून आत अंडी घालते. संशय आल्यास काही फळे जरा दाबून मिठाच्या पाण्यात ठेवावीत. अळ्या असतील तर पाऊण-एक तासात वर येतात. एवढी बारीक जाळी परागीभवन संपल्यानंतरच बसवावी. नेहमीची चेरी माशी जमिनीत कोषावस्थेत हिवाळा काढते. तिच्यासाठी झाडाखाली दाट कापड अंथरणे, पिवळे चिकट सापळे टांगणे आणि एकही पिकले फळ झाडावर किंवा खाली न ठेवणे हे उपाय एकत्र करावेत.

वसंतात शेंड्यांची पाने गुंडाळली गेली तर आत काळा मावा असतो. सुरुवातीलाच शेंडा खुडला किंवा पाण्याचा जोरदार फवारा मारला तर तो आटोक्यात राहतो. मुंग्या त्याला राखतात, म्हणून खोडावर चिकटपट्टी गुंडाळून त्यांची ये-जा तोडावी. पानांवर जांभळे ठिपके पडून ती पिवळी होऊन गळू लागली तर शरदात गळलेली पाने गोळा करून काढून टाकावीत, कारण ठिपक्याची बुरशी त्याच पानांत मुक्काम करते.

खोडातून डिंक वाहणे हे स्वतः रोग नसून लक्षण आहे. जखम, साचलेले पाणी, खोडकिडा किंवा कँकर, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. डिंकाजवळची साल खोल गेलेली, काळपट आणि आंबूस वासाची असेल व वरचे डोळे फुटत नसतील, तर तो कँकर समजावा. अशी फांदी कोरड्या हवेत, रोगट भागाच्या २० ते ३० सेंटिमीटर खाली निरोगी लाकडात कापावी. पानगळीच्या वेळी ताम्रयुक्त फवारणी करण्याची शिफारस केली जाते, परंतु काही भागांत या जिवाणूंनी तांब्याला दाद न देण्याची शक्ती मिळवली आहे. त्यामुळे निचरा, कोरड्या हवेतील छाटणी आणि जखमा टाळणे यांवर अधिक भिस्त ठेवावी.

काढणी आणि त्यानंतर

चेरी काढल्यानंतर पिकत नाही, गोडही होत नाही. रंग पूर्ण आल्यावरही काही दिवस थांबून चव पाहावी आणि मगच काढावी. त्या शेवटच्या दिवसांत साखर आणि वजन दोन्ही वाढतात. फळे पहाटेच्या गारव्यात, देठासकट काढावीत. देठ बुडाशी धरून किंचित पिळत वर उचलावा. फळ ओढले तर पुढच्या वर्षीची फळकाडीच तुटून हातात येते. कोरडी फळे न धुता, शून्य अंशाच्या जवळ आणि भरपूर दमटपणात ठेवली तर दोन-तीन आठवडे टिकतात. बी फोडून खाऊ नये, आणि छाटलेल्या फांद्यांची कोमेजलेली पाने गुराढोरांना घालू नयेत. दोन्हींतून सायनाइड तयार होते.

फळे संपली की झाडाकडे पाठ फिरते, पण नेमक्या याच काळात पुढच्या बहराच्या कळ्या घडत असतात. त्या आठवड्यांत पाणी तोडू नये, पाने रोगाने गळू देऊ नयेत आणि उन्हाळी छाटणी उरकून घ्यावी. शरद लागल्यावर पाणी हळूहळू कमी करावे म्हणजे लाकूड थंडीपूर्वी पक्के होते. पाने झडल्यावर खोडाचा पांढरा हात पुन्हा द्यावा, सशा-उंदरांपासून बुंध्याभोवती तारेची जाळी लावावी आणि फांद्यांना बांधलेल्या दोऱ्या सालीत रुतण्यापूर्वी सोडून नव्या जागी बांधाव्यात.